मुलगी शांत आहे, की हाकेलाच येत नाही? सव्वा ते तीन वर्षांच्या मुलींमधली ऑटिझमची लक्षणं घरी कशी तपासायची

मी बालविकास केंद्रात वाचा-उपचाराचं काम करते. पहिल्या भेटीला मुलगा आला की घरचे सांगतात, "हाक मारली तरी बघत नाही, सारखी गाडीची चाकं फिरवत बसतो." मुलगी आली की ऐकू येतं, "तशी फार गुणी आहे हो, एकटी खेळते, काही म्हणजे काही त्रास नाही. फक्त बोलत नाही अजून." मुलगा बऱ्याचदा दोन-अडीच वर्षांचा असतो. मुलगी तोवर साडेतीन-चारची झालेली असते.

या घरांत मुलीकडे कुणाचं लक्ष नव्हतं असं अजिबात नाही. लक्ष होतं, पण जे दिसलं त्याला घरात आधीच कारण तयार होतं. लाजरी आहे. आत्यावर गेली आहे. मुलगी आहे ना, शांतच असणार. ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं निदान होणाऱ्यांत साधारण तीन-चार मुलग्यांमागे एक मुलगी असते, पण यातला काही फरक मुली नजरेतून सुटल्यामुळेही पडतो. शाळकरी वयातल्या मुली इतरांचं बघून बघून आपली अडचण झाकायला शिकतात. दीड वर्षाची मुलगी काहीही झाकत नसते. तिच्या वतीनं आपणच झाकतो.

दुसरी चूक तपासण्याच्या पद्धतीत होते. पालक "करते का?" असं विचारतात. विचारायला हवं ते असं: आपणहून करते का, रोज करते का, आणि माणसाला सामील करून घेऊन करते का? पुढचे सगळे टप्पे या तीन प्रश्नांवर उभे आहेत. क्रम बदलू नका, त्याला कारण आहे. आणि घरच्या तपासणीतून निदान होत नाही. तज्ज्ञांकडे जायचं का, आणि जाताना हातात काय घेऊन जायचं, एवढंच त्यातून ठरतं.

## टप्पा १ : तयारी

एक साधी वही घ्या आणि दोन आठवडे ठरवून घ्या. एका दिवसावरून काही कळत नाही, आणि दोन महिने बघत बसायची ही गोष्ट नाही.

वय आधी नीट मोजा. मुलगी वेळेआधी जन्मली असेल तर जितके आठवडे आधी, तितके वयातून वजा करा. दोन महिने आधी जन्मलेली १८ महिन्यांची मुलगी विकासाच्या हिशेबानं १६ महिन्यांची असते. ही वजाबाकी साधारण दोन वर्षांपर्यंत करायची, नंतर नाही.

ताप, दात येणं, नुकताच झालेला प्रवास, घरात पाहुणे, असे दिवस सोडा. नोंदीच्या वेळी टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवा, नुसता आवाज कमी करून भागणार नाही. आणि घरातल्या सगळ्यांना, विशेषतः आजी-आजोबांना, आधी सांगून ठेवा की हे दोन आठवडे तिला काही शिकवायचं नाही. "टाटा कर, जय बाप्पा कर, नाक कुठंय दाखव" हे सगळं थोडं बाजूला. शिकवलेलं किती येतं हे आपण तपासत नाही आहोत.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे काय घडलं ते लिहा. उजवीकडे, त्या क्षणी तुमच्या मनात जे कारण आलं ते. उदाहरणार्थ:

*डावीकडे:* बुधवार, सकाळी ९. बाबा ऑफिसला निघाले. दारात तीनदा हाक मारली. ती पायपुसण्याची दशी ओढत होती. मान वर केली नाही.
*उजवीकडे:* झोप झाली नसेल.

दोन आठवड्यांनी उजवी बाजू हातानं झाका आणि फक्त डावी बाजू वाचा. मी आजवर पालकांना सांगितलेल्या सगळ्या गोष्टींत ही सर्वांत कामाची ठरली आहे.

> थांबा : वहीत "हुशार", "हट्टी", "मूडी", "लाजरी" असले शब्द डाव्या बाजूला आले असतील तर खोडा. ती काय करत होती तेवढंच लिहा.

## टप्पा २ : हाक

हे सगळ्यात सोपं वाटतं, आणि सगळ्यात जास्त चुकतं.

ती स्वतःच्या खेळात रमलेली असताना तिच्या मागे किंवा बाजूला, पाच-सहा फुटांवर, तिला दिसणार नाही असं उभं राहा. रोजच्या आवाजात फक्त नाव घ्या. पाच सेकंद थांबा. वळली नाही तर पुन्हा, असं जास्तीत जास्त तीनदा. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांनी मिळून आठ-दहा वेळा करून बघा. आपल्याकडे बाळाला पाळण्यातलं एक नाव असतं, आणि पिल्लू, बच्चू, सोनू वेगळंच. घरात जे सर्वांत जास्त वापरलं जातं, तेच घ्या.

या चुका टाळा: नावाबरोबर टाळी वाजवणं, खांद्याला हात लावणं, "चिऊ, हे बघ चॉकलेट" म्हणणं. वळली तरी मग ती टाळीला वळली, नावाला नाही.

मूल साधारण ९ महिन्यांपासून नावाला दाद द्यायला लागतं, आणि वर्षाचं झाल्यावर बहुतेक वेळा वळतं. प्रत्येक वेळी कुणीच वळत नाही. पण दहातून दोन-तीनदाच वळत असेल, आणि तीच मुलगी वेफर्सचं पाकीट फुटल्याचा आवाज ऐकून आतल्या खोलीतून धावत येत असेल, तर तो फरक वहीत ठळक लिहा. "पाकिटाचा आवाज ऐकू येतो, म्हणजे कान ठीक आहेत" असा निष्कर्ष मात्र घरी काढायचा नाही. त्याकडे टप्पा ८ मध्ये येऊ.

## टप्पा ३ : बोट

यावर जास्त वेळ द्या. दीड वर्षाच्या आसपास बोटाइतकी बोलकी खूण दुसरी नाही.

बोट दाखवण्याचे दोन प्रकार आहेत. एक मागण्यासाठी: फळीवरच्या डब्याकडे बोट, म्हणजे "ते दे". दुसरं दाखवण्यासाठी: खिडकीत कावळा आला, मूल त्याच्याकडे बोट करतं, मग वळून तुमच्या तोंडाकडे बघतं, पुन्हा कावळ्याकडे. त्याला कावळा नको असतो. तुम्हीही तो बघावा, एवढंच हवं असतं. हे दुसरं बोट १८ महिन्यांपर्यंत यायला हवं. त्याच्याही आधी, १५ महिन्यांच्या सुमारास, मूल आवडती वस्तू आणून तुम्हाला दाखवायला लागतं. हातात देऊन टाकण्यासाठी नव्हे, नुसती दाखवण्यासाठी.

तपासायचं दोन बाजूंनी. आधी तुम्ही दाखवा: खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या घड्याळाकडे किंवा गच्चीवरून चंद्राकडे बोट करा आणि "अगं बाई, ते बघ!" म्हणा. ती वस्तूकडे बघते, तुमच्या बोटाकडे बघते, की कुठेच बघत नाही? मग तिची वाट बघा: फिरायला जाताना गाय, बस, कुत्रा, फुगेवाला दिसल्यावर ती तुम्हाला सामील करून घेते का? इथे तुम्ही काही बोलायचं नाही. गप्प राहणं जड जातं, पण राहा.

मुलींच्या बाबतीत इथे एक हमखास फसगत होते. पालक म्हणतात, "मॅडम, बोट दाखवते की! पुस्तकात मांजर कुठे, हत्ती कुठे, सगळं बरोबर दाखवते." चित्रांचं पुस्तक घेऊन शांत बसणारी मुलगी घरादाराला कौतुकाची वाटते, आणि वाटायलाही हवी. पण विचारल्यावर चित्रावर बोट ठेवणं हे प्रश्नाचं उत्तर झालं. आपण शोधतो आहोत ते आपणहून, काही नको असताना, दुसऱ्यासाठी केलेलं बोट. या दोन गोष्टी वेगवेगळ्या पानांवर लिहा.

आणखी एक बघा. तिला फ्रिजमधलं दही हवं असेल तर ती काय करते? तुमच्याकडे बघून बोट करते, की तुमचं मनगट धरून तुमचा हात फ्रिजच्या दारावर नेऊन ठेवते, चेहऱ्याकडे न बघता, जणू तो हात म्हणजे एक अवजार आहे? हात धरून नेणारी मुलं पुष्कळ असतात. लक्ष नजरेकडे द्या.

> तपासा : दोन आठवड्यांत "दाखवण्यासाठीचं बोट" किती वेळा आलं? वहीत एकही नोंद नसेल आणि मुलगी १८ महिन्यांची झाली असेल, तर उरलेले टप्पे चालू ठेवा, पण डॉक्टरांची वेळ आजच घ्या.

## टप्पा ४ : भातुकली

भातुकलीचा संच आमच्या केंद्रातही असतो: छोटी चूल, पातेली, कपबशा, एक कापडी बाहुली. बावीस महिन्यांची एक मुलगी आली होती. आईनं अभिमानानं सांगितलं, "भातुकली तिची एकदम आवडती, तास-तास खेळते." मुलगी खरंच रमली. तिनं सगळी पातेली मोठ्याकडून लहानाकडे मांडली. झाकणं उलटी करून प्रत्येक पातेल्यापुढे एक ठेवलं. मग सगळं गोळा केलं आणि पुन्हा त्याच क्रमानं मांडलं. मी एक कप उचलून "फूऽऽ, गरम आहे" करत प्यायल्याचं नाटक केलं. तिनं कप माझ्या हातातून काढून घेतला आणि परत जागेवर ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. रडली नाही, चिडलीही नाही. पाऊण तासात बाहुलीला एकदाही घास मिळाला नाही. आई शेजारीच बसली होती आणि तिला यात काही वेगळं दिसलं नव्हतं, कारण खेळ मुलीला शोभणारा होता. मुलग्यानं याच पद्धतीनं गाड्या रांगेत लावल्या असत्या तर तिनंच आधी बोट ठेवलं असतं.

म्हणून खेळणं कोणतं हे बघू नका. त्या खेळण्याचं ती काय करते ते बघा.

समोर बाहुली, वाटी, चमचा आणि एखादं फडकं ठेवा आणि दहा मिनिटं बाजूला बसा. साधारण दीड वर्षापासून मूल रिकाम्या कपातून प्यायल्यासारखं करतं, फोन कानाला लावतं, बाहुलीला भरवतं किंवा थोपटून निजवतं. दोन-अडीचपर्यंत याची छोटी गोष्ट होते: भात शिजतो, वाढला जातो, आजोबांना गरम लागतो. मग तुम्ही एक बदल करा. चहाऐवजी पाणी मागा किंवा बाहुलीला उताणी न निजवता बसवा. ती तुमचा बदल खेळात घेते, नाकारून स्वतःचं काही मांडते, की सगळं पहिल्यासारखं करून घेते?

इथली चूक अशी की भरवण्याची एक ठरलेली कृती पाहून पालक निर्धास्त होतात. ती कृती व्हिडिओ बघून किंवा ताईचं बघून जशीच्या तशी उचललेली असू शकते. रोज तीच बाहुली, तोच चमचा, तेच तीन घास, तेच शब्द असतील आणि त्यात कुणालाच शिरकाव नसेल, तर तसं लिहा.

## टप्पा ५ : माणसं

आजी-आईबरोबर मुलगी हसते, बिलगते, म्हणून ऑटिझम नाही, असं धरू नका. या मुलांना माया कळते, जवळची माणसं लागतात, अनेकांना कुशीत शिरायला आवडतं. नजर अजिबात देत नाही असंही बहुधा नसतं. देते, पण क्षणभर, किंवा स्वतःच्या सोयीनं.

समवयस्क मुलाबरोबर बघा. घरात मोठी ताई असेल तर ती धाकटीला बाहुलीसारखी खेळवते, धाकटीच्या वतीनं बोलते, हात धरून गोल फिरवते. दुरून सगळं छान दिसतं. ताईला अर्धा तास दुसरीकडे पाठवा. बागेत किंवा अंगणवाडीत मुली अनेकदा घोळक्याच्या कडेला उभ्या राहतात, त्यामुळे त्या खेळात आहेत असं वाटतं. ती दुसऱ्या मुलीकडे बघते का, तिचं बघून काही करते का, तिला काही देते का, तेवढं टिपा. दोन वर्षांची मुलं शेजारी बसून आपापलं खेळतातच. त्यात काही वावगं नाही. पण एकमेकांकडे डोळा असतो.

"नुसती लाजरी आहे" हे कसं ओळखायचं? लाजरी मुलगी आईच्या पदराआडून बघते. तिला पाहुण्याच्या चेहऱ्यातच रस असतो. अर्ध्या तासानं ती सैल होते, आणि पाहुणे गेल्यावर घरच्यांपाशी बोट, नजर, दाखवणं, भातुकली सगळं भरभरून करते. घरच्या माणसांतही हे दिसत नसेल तर ते लाजणं नव्हे.

## टप्पा ६ : दिवसभराच्या बारीक नोंदी

यासाठी वेगळा वेळ काढायची गरज नाही, दिसेल तसं लिहा.

आवड. मुलीचं वेड बाहुलीचे केस, बांगड्या, ओढणीच्या दशा, मांजरं असं अगदी नेहमीच्यातलं असतं, म्हणून डोळ्यावर येत नाही. ते सोडवून दुसरीकडे वळवता येतं का, आणि रोज किती वेळ चालतं, ते लिहा.

शरीर आणि संवेदना. मिक्सर लावला की कान झाकणं. फ्रॉकची लेस किंवा शिवण टोचून कपडा काढून टाकणं. वेणी घालताना, नखं कापताना जिवाच्या आकांतानं रडणं. बांगडी डोळ्याजवळ धरून तिरक्या नजरेनं बघणं. हात फडफडवणं, चवड्यांवर चालणं, गोल फिरणं. यातलं एखाददुसरं कुठल्याही मुलात सापडेल. चार-पाच गोष्टी रोज दिसल्या तर महत्त्व द्या.

खाणं. फक्त पांढरं, फक्त कुरकुरीत, फक्त त्याच वाटीत. सहा-सात पदार्थांवर गाडी अडली असेल तर यादी करा.

बोलणं. १६ महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, किंवा २ वर्षांपर्यंत स्वतःचं दोन शब्दांचं वाक्य नाही ("बाबा ये", "दूदू दे"), तर तपासणी हवीच. पण मुलींमध्ये उलटही होतं: शब्द भरपूर असतात. सगळी बडबडगीतं पाठ, रंग पाठ, आकडे पाठ, आणि पाणी हवं असताना "पाणी हवं का तुला?" असं आईचंच वाक्य आईच्याच सुरात. किती शब्द येतात यापेक्षा त्यातले किती शब्द कुणाला काही सांगण्यासाठी, विचारण्यासाठी वापरले, ते मोजा. "मुली लवकर बोलतात" या समजुतीमुळे पाठांतर हे बोलणं ठरतं आणि वर्ष जातं.

दोन-तीन भाषांच्या घरात सगळ्या भाषांतले शब्द एकत्र मोजायचे. दुबई, अमेरिका किंवा बंगळुरूला राहणाऱ्या मराठी घरांना कुणीतरी सांगतं, घरी मराठी बंद करा, एकच भाषा ठेवा. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही आणि वाढतही नाही. ज्या भाषेत आई-आजी मनमोकळं बोलू शकतात ती बंद केली तर मुलीशी होणारं बोलणंच कमी होतं.

> थांबा : खालील गोष्टींसाठी दोन आठवडे पूर्ण करू नका, लगेच बालरोगतज्ज्ञांकडे जा.
> — येत असलेले शब्द, टाटा करणं, नजर देणं असं काहीही नाहीसं झालं, कोणत्याही वयात.
> — डोळे एकदम स्थिर होऊन प्रतिसाद बंद होणं, झटके.
> — हातांनी वस्तू धरणं, भरवून घेणं कमी होत जाऊन हात सतत एकमेकांत चोळणं, पिळणं. चालताना तोल जाणं, डोक्याची वाढ मंदावणं. हा रेट सिंड्रोम नावाचा दुर्मीळ जनुकीय आजार असू शकतो. तो जवळजवळ फक्त मुलींमध्येच आढळतो, ६ ते १८ महिन्यांच्या दरम्यान दिसू लागतो, सुरुवातीला ऑटिझमसारखाच वाटतो, आणि त्यासाठी जनुकीय तपासणी लागते.

## टप्पा ७ : व्हिडिओ आणि प्रश्नावली

डॉक्टरांकडे मुलगी वीस मिनिटं असते, तीही अनोळखी खोलीत. त्यामुळे व्हिडिओ लागतात. बहुतेक पालक नाचाचे आणि वाढदिवसाचे व्हिडिओ दाखवतात. ते उपयोगी पडत नाहीत. दोन-दोन मिनिटांचे पाच पुरे: हाक मारताना, एकटी खेळताना, भातुकलीत तुम्ही बदल केल्यावर, समवयस्क मुलाजवळ, आणि सर्वांत जास्त चिडते त्या वेळी. मोबाइल कुठेतरी टेकवून ठेवा, हातात धरून तिच्यापुढे नाचवू नका. तिची जमेची बाजू दाखवणारा एकही असला तरी घ्या, उपचार त्यावरच उभे करायचे असतात.

मग एम-चॅट-आर ही ऑटिझमची प्राथमिक चाळणी करणारी प्रश्नावली भरा. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे, २० प्रश्न, फक्त हो किंवा नाही, आणि मोफत मिळते. वही भरून झाल्याशिवाय ती भरू नका. उत्तरं आठवणीतून दिली की मायेनं दिली जातात.

भरताना तीन ठिकाणी चूक होते. एक, "एकदा-दोनदा केलंय" म्हणून "हो". सूचना स्पष्ट आहे: नेहमी करत नसेल तर उत्तर "नाही". दोन, २, ५ आणि १२ या क्रमांकांचे प्रश्न उलटे आहेत, तिथे "हो" म्हणजे चिंता. बाकी सतरांत "नाही" म्हणजे चिंता. तीन, आई एकटी भरते. आई, बाबा आणि दिवसभर सांभाळणारी व्यक्ती यांनी वेगवेगळी भरावी, मग जिथे उत्तरं जुळत नाहीत तिथे पुन्हा वही उघडावी.

चिंतेच्या उत्तरांची बेरीज ० ते २ आली तर धोका कमी. मुलगी दोन वर्षांच्या आतली असेल तर दुसऱ्या वाढदिवसानंतर पुन्हा भरायची. ३ ते ७ आली तर प्रश्नावलीचा दुसरा भाग, म्हणजे सविस्तर मुलाखत, प्रशिक्षित व्यक्तीकडून करून घ्यायची. ८ किंवा अधिक आली तर सरळ तज्ज्ञांकडे.

> तपासा : बेरीज कमी आली पण वहीची डावी बाजू अस्वस्थ करते आहे? वहीवर विश्वास ठेवा आणि जा. मुलगा असो वा मुलगी, प्रश्नावलीची मर्यादारेषा एकच आहे, आणि कमी बेरीज म्हणजे ऑटिझम नसल्याचा दाखला नव्हे.

## टप्पा ८ : कान, डॉक्टर, कागद

क्रम असा: आधी बालरोगतज्ज्ञ, त्यांच्या चिठ्ठीवर श्रवणचाचणी, मग विकासात्मक बालरोगतज्ज्ञ. पहिल्या दोन गोष्टी होईपर्यंत तिसऱ्याची वेळ मागून ठेवायला हरकत नाही, तिथे बऱ्याचदा रांग असते.

श्रवणचाचणी कधीही वगळू नका. जन्मावेळची कानांची तपासणी ठीक आली असली तरीही. मध्ये सर्दीनं कानात पाणी साचलेलं असू शकतं, किंवा ठरावीक पट्टीतलेच आवाज ऐकू येत असतील. लहान मुलांत ओएई (आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी) आणि बेरा (आवाज कानापासून मेंदूपर्यंत पोचतो का ते मोजणारी) या चाचण्या करतात. बेराला मुलगी गाढ झोपलेली लागते, म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा, प्रवासात डुलकी लागू देऊ नका, आणि दूध तिथे पोचल्यावर पाजा. झोपेचं औषध देणार असतील तर उपाशीपोटी आणायला सांगतात, म्हणून आधी फोन करून विचारा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था या कामासाठी आहे.

गावात किंवा लहान शहरात असाल तर अंगणवाडी सेविकेशी बोला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्याची वाट बघत बसू नका, तारीख लांब असेल तर थेट जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जा. लोक त्याला डीईआयसी म्हणतात. तिथली तपासणी आणि उपचार मोफत असतात. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणी लसीचा बूस्टर १६ ते २४ महिन्यांत असतो. त्या भेटीत वही बरोबर न्या. याच वयात लक्षणं ठळक होतात म्हणून लसीवर आळ येतो. लसीमुळे ऑटिझम होत नाही, लस चुकवू नका.

डॉक्टरांसमोर "बोलत नाही" एवढंच सांगू नका. त्यावर "बोलेल, वाट पाहा" हे उत्तर मिळतं. असं सांगा: "वीस महिन्यांची आहे. दोन आठवड्यांत दहापैकी दोनदा हाकेला वळली. दाखवण्यासाठी बोट एकदाही केलं नाही. प्रश्नावलीत नऊ आले." तरीही थांबायला सांगितलं तर विचारा, किती दिवस, आणि तोवर काय दिसायला हवं? ते चिठ्ठीवर लिहून घ्या. तीन महिन्यांपेक्षा जास्त सांगितलं तर दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घ्या. अनुभवी तज्ज्ञ दोन वर्षांच्या वयात भरवशाचं निदान करू शकतात. निदानाला रक्ततपासणी किंवा स्कॅन नाही, निरीक्षण आणि तुमच्याशी झालेलं बोलणं हाच आधार. म्हणून वहीला इतकं महत्त्व.

सासरी-माहेरी कुणाला कधी सांगायचं हे तुम्ही ठरवा. "मुलीच्या नावावर शिक्का नको" म्हणून तपासणी लांबवायला सांगणारे भेटतील. कागदावर नाव आलं किंवा नाही आलं, मुलगी तीच राहते. फक्त मदत उशिरा मिळते. पुढे उपयोगी पडेल म्हणून एवढं लक्षात ठेवा की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आणि प्रमाणपत्र त्यातून मिळतं. पण उपचार सुरू करायला प्रमाणपत्र लागत नाही.

## टप्पा ९ : वाट बघण्याच्या काळात

निदानाची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली तर ते दोन महिने रिकामे घालवू नका. वाचा-उपचार आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं, खेळ आणि संवेदना हाताळायला मदत करणारे उपचार) निदानाआधीही सुरू करता येते.

पडदे बंद करा. दोन वर्षांखालच्या मुलाला मोबाइल-टीव्ही अजिबात नको, अशी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहेच. मोबाइलमुळे ऑटिझम होतो म्हणून नव्हे, तर ते तास माणसांकडून काढून घेतले जातात म्हणून. जेवताना कार्टून लागत असेल तर एका जेवणापासून सुरुवात करा.

स्टेम सेल, ऑक्सिजन चेंबर, शरीरातले विषारी धातू काढणारी औषधं, असं काही "पूर्ण बरं होईल" म्हणून कुणी विकायला आलं तर नकार द्या. त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही, काहींत जिवाला धोका आहे, आणि त्यात गेलेला पैसा थेरपीला उरत नाही.

आईनं स्वतःला दोष देणं थांबवावं, आणि इतरांनी तर ते सुरूच करू नये. गरोदरपणातली चिंता, नोकरी, पाळणाघर, यांत तुमची काही चूक झालेली नाही.

आणि रोज दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटं, तिच्यासमोर जमिनीवर बसा, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. प्रश्न विचारू नका. ती जे करते तेच करा. ती वाटीवर चमचा वाजवत असेल तर दुसरी वाटी घ्या आणि तसाच वाजवा. ती थांबली की तुम्ही थांबा. पहिले काही दिवस काहीच होणार नाही. मग कधीतरी ती हात थांबवून तुमच्या वाटीकडे बघेल, आणि वाटीवरून वर तुमच्या तोंडाकडे. त्या दिवसाची तारीख आणि वेळ वहीत डाव्या बाजूला लिहा.